पद्मिनच्या घरचे शब्द

भाद्रपद सरत आला की नांदेडात सीताफळांचे गाडे लागतात. कॉलेजातून घरी येताना रस्त्याच्या डाव्या हाताला ओळीनं सात-आठ तरी उभे असतात. हिरव्या फळाच्या डोळ्यांमधल्या फटी पिवळट झाल्या, की फळ पिकायला आलंय हे लांबूनही कळतं. मी मात्र उजव्या कडेनं येते. आमच्या घरी सीताफळ येत नाही. मुलं लहान होती तेव्हा विचारायची, आता विचारत नाहीत. आईला तो वास सोसत नाही, एवढं घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलंय आणि ते खोटंही नाही. तो वास माझ्यासाठी एका पत्र्याच्या पेटीतून येतो, हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

याच दिवसांत इकडे क्लासच्या गल्ल्यांना भर येतो. पहिल्या चाचण्या झालेल्या असतात, कोण डॉक्टर होणार आणि कोण नुसतंच नांदेड बघून परत जाणार याचे अंदाज बांधून झालेले असतात. लोहा, देगलूर, निलंगा, कुठून कुठून आलेली लेकरं पाठीला सॅक लावून या बोर्डाखालून त्या बोर्डाखाली पळत असतात. त्यांच्या लेखी इंग्रजी हा पास होण्यापुरता विषय. तोच मी शिकवते. त्यामुळे माझा तास म्हणजे गणित आणि बायलॉजीच्या मध्ये मिळालेली झोप, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. फक्त वर्षातून एकदा मी सगळ्यांना जागं करते. टेबलावर स्टीलचा डबा ठेवते, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येकानं एक उचलायची असते. पोरं मला चिठ्ठीवाल्या मॅडम म्हणतात. चिठ्ठ्यांची ही पद्धत माझी नाही. ती लातूरच्या आमच्या इंग्रजीच्या सरांची.

सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. लातूरचं नाव तेव्हा नुकतंच गाजायला लागलं होतं. मार्क पाहिजेत तर लातूरला टाका, असं लोह्यात माझ्या प्राथमिक शिक्षक बापाला चार जणांनी सांगितलं आणि बापानं मला टाकलं. अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचली तेव्हा मांडीवरच्या लोणच्याच्या बरणीचं तेल माझ्या ओढणीला लागलेलं होतं. खोली मिळाली ती एका मावशींच्या घरामागं, दोघींत एक. दुसरी आधीच येऊन खिडकीकडची जागा धरून बसली होती. निलंग्याकडच्या एका खेड्यातली पद्मिन. माझ्या ओढणीकडं बघून ती पहिलं वाक्य बोलली, "लोनचं हाय ना? मग खिडकीची जागा घे तू."

सरांचा क्लास त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजी शब्द सुटे सुटे पाठ करणं म्हणजे जत्रेत एकेका माणसाचा चेहरा लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यापेक्षा घर ओळखा. ज्या शब्दांच्या पोटात तीच ती चार-पाच अक्षरं सापडतात ते बहुतेक एका घरचे असतात, आणि घराचा अर्थ कळला की माणसं आपोआप ओळखू येतात. मग घरं वाटली जायची. चिठ्ठी उचलायची, त्यात पी-ओ-आर-टी अशी अक्षरं निघायची आणि त्या दिवसापासून पोर्टचं घर तुमचं. डिक्शनरी चाळून त्या घरचे शब्द तुम्ही गोळा करायचे, अर्थ लावायचे, प्रत्येकाचं एक वाक्य करायचं आणि आपली पाळी आली की उभं राहून वर्गाला सांगायचं. बाकीच्यांनी लिहून घ्यायचं. दोन नियम कडक होते. बसून सांगायचं नाही आणि दुसऱ्याच्या घरात आधी डोकवायचं नाही.

पोर्टचं घर माझ्या वाट्याला आलं होतं. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. पोर्टर, इम्पोर्ट, एक्सपोर्ट, पोर्टेबल. सपोर्ट म्हणजे खालून हात देऊन तोलून धरणं. रिपोर्ट म्हणजे बातमी परत घेऊन जाणं. माझी वाक्यं अगदीच भोळी होती, उदाहरणार्थ, लोह्याचा पोर्टर माझ्या आजीला उचलतो. वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "एक राहिला बघ. ज्या गाडीनं आलीस तिच्यावर लिहिलेला असतो रोज. एसटीतला टी कशाचा?" ट्रान्सपोर्ट. तो मी शेवटी लिहून घेतला.

पद्मिनला एस-पी-ई-सी-टी निघालं होतं. स्पेक्ट म्हणजे बघणं. तिची पाळी गणपतीनंतर होती. ती पहाटे अंथरुणात बसून पुटपुटायची आणि बोटांवर शब्द मोजायची. मोजायची मात्र कानडीत, कारण तिची आजी कानडी. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मी नियमाप्रमाणे कानांवर पांघरूण ओढायची, तरी थोडं ऐकू यायचंच. इन्स्पेक्टर, आत डोकावून बघणारा. सस्पेक्ट, खालून चोरून बघणं. रिस्पेक्ट, मागं वळून बघणं. एक्सपेक्टमधला एस एक्सनं गिळून टाकलाय हे तिला एकदा सापडलं तेव्हा तिनं मला गदागदा हलवून उठवलं.

"विजे, एक्सपेक्ट बी आमच्याच घरचं हाय! वाट बघनं! तिकडं बी बघनंच आन हिकडं बी बघनंच!"

"नियम मोडला तू," मी पांघरुणातून म्हटलं.

"मोडू दे गं. लई भारी हाय हे."

आम्हां दोघींचं जेवण गावाहून यायचं. लातूरमध्ये शिकणाऱ्या निम्म्या मुलांचं तसंच यायचं. घरची माणसं सकाळी फाट्यावर येऊन डबा कंडक्टरच्या हवाली करत, लातूरच्या स्टँडवर पोरं तो उतरवून घेत आणि कालचा रिकामा डबा त्याच गाडीनं परत जाई. लोह्याहून माझा डबा आठवड्यातून दोनदा येई. पद्मिनचा मात्र रोज, निलंग्याकडून साडेनवाला लागणाऱ्या गाडीनं. डब्यासोबत काय काय जायचं यायचं! पद्मिनचा विसरलेला कंगवा, आईला हातानं लिहिलेली चिठ्ठी, धाकट्या भावांसाठी पेन्सिलीचे तुकडे. कंडक्टर नुसता विचारायचा, "कोणत्या फाट्यावर?" आणि सीटखाली सरकवून द्यायचा.

त्या वर्षी गणपतीत डब्यासोबत कच्ची सीताफळं आली, बांधावरची. पद्मिननं ती जुन्या लुगड्यात गुंडाळून आपल्या पेटीत घातली, वर कपडे रचले, कुलूप लावलं. विसर्जनाला ती गावी निघाली तेव्हा म्हणाली, "तीन दिवसांत पिकतील. म्या आल्याबिगर हात लावायचा न्हाई." एवढं सांगून माझी पोर्टची पानं मात्र मागून घेतली, कारण मी सांगितलं त्या दिवशी ती तापानं पडली होती. किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. स्टँडवर मी तिला सोडायला गेले होते.

विसर्जनाच्या रात्री झालेल्या भूकंपाबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांचं गेलं त्यांनी लिहावं. आमच्याकडे मावशींची मांडणीवरची भांडी पडली आणि आम्ही अंगणात येऊन उभे राहिलो, इतकंच. उजाडल्यावर स्टँडवर गेले. साडेनवाची गाडी आलीच नाही. दुपारपर्यंत गावांची नावं कानावर यायला लागली. संध्याकाळी बाप लोह्याहून आला आणि माझी पिशवी भरायला लागला.

पंधरा दिवसांनी परत आले. खोलीचं दार उघडलं आणि तो वास अंगावर आला. सीताफळं पिकून, फुटून, आंबून गेली होती आणि पेटीला कुलूप होतं. मावशी म्हणाल्या, "पोरी, फोड ते कुलूप. घर भरलंय वासानं." मी नाही म्हटलं. ती म्हणून गेली होती, हात लावायचा नाही. तिच्या कुलपावर दगड घालायचा म्हणजे ती येणार नाही असं कबूल करायचं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. ते आठ दिवस मी त्या वासात झोपले, उठले, अभ्यास केला. साडेनवाला स्टँडवर जात होते. गाडी परत सुरू झाली होती. त्या फाट्यावरून डबा मात्र येत नव्हता.

नवव्या दिवशी पद्मिनचा चुलता आला. डोक्याला पट्टी, अंगात कुणीतरी दिलेला नवा शर्ट.

"पद्मिन हाय," तो उंबऱ्यातच म्हणाला, माझं तोंड बघून बहुतेक. "अंगनात निजली होती, उशाला पिशवी घिऊन. म्हनून ऱ्हायली. माय गेली तिची. म्हातारी बी गेली."

मग दगड मागून त्यानंच कुलूप फोडलं. किल्ली ढिगाऱ्यात गेली होती. कपडे झटकून त्यानं पिशवीत भरले, पुस्तकं भरली. तळाशी पद्मिनची शब्दांची वही होती, रसानं भिजून चिकटलेली. ती त्यानं दोन बोटांत धरली.

"ही तर खराब झाली. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. पुसून बिसून घ्या. सांगतो तिला."

"ती परीक्षेला येणार ना?"

"बाप हाय, दोन बारकी लेकरं हायेत. भाकरी कोन करायची?" त्यानं वही माझ्या हातात दिली. "बघू," म्हणाला.

त्या एका शब्दावर मी पुढचे चार महिने काढले, साडेनवाला स्टँडवर जाणंही सोडलं नाही. वही ओल्या फडक्यानं पुसली, उन्हात वाळवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली. उघडली नाही.

क्लास सुरू झाले होते. सर आता "हे घर कुणाचं?" असं विचारत नसत, नुसतं नाव घेऊन "सांग" म्हणत. मॉर्टचं घर, म्हणजे मरणाचं, चाकूरच्या एकीकडं होतं. तिची पाळी सरांनी त्या वर्षी घेतलीच नाही आणि तिनंही विचारलं नाही. स्पेक्टचा दिवस आला तेव्हा सरांनी माझ्याकडं बघितलं.

"वही तुझ्याकडं आहे ना? तू उभी राहा. सांगून टाक."

"ती येणार आहे, सर."

सर चष्मा पुसत बसले. मागून एक जण कुरकुरला की बोर्डाला आलं तर काय करायचं. सर म्हणाले, "ठेवू. येऊ दे तिला." असं चाळीस जणांचं नुकसान मी त्या दिवशी केलं आणि मला स्वतःचा अभिमान वाटला.

सरांनी खटपट करून तिचा फॉर्म भरला होता. फेब्रुवारीत पेपर सुरू झाले तेव्हा माझ्या पुढच्या बाकावर खडूनं तिचा नंबर लिहिलेला होता. पहिला पेपर इंग्रजीचा. घंटा होईपर्यंत मी दाराकडं बघत होते. मग पेपर हातात आला आणि त्यात, वाक्यात उपयोग करा म्हणून, नेमका एक्सपेक्ट होता. अर्थ मला ठाऊक होता. पांघरुणातून ऐकलेला होता. पण ते घर तिचं होतं, तिनं अजून उभं राहून सांगितलेलं नव्हतं. मी ती ओळ कोरी सोडली. एका मार्काचा प्रश्न. आज माझ्या वर्गातल्या कुणी असं केलं तर मी त्याला वेड्यात काढीन, पण सतराव्या वर्षी त्या कोऱ्या ओळीत मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं.

पुढं मी नांदेडला आले, शिकले, इथंच नोकरीला लागले, लग्न झालं. वही प्रत्येक घर बदलताना सोबत आली. निलंग्याला जाणारी गाडी नांदेडलाही लागते. पाटी वाचून मी कितीदा पुढं गेले असेन. सुरुवातीला वाटायचं, तिला आवडेल का? मग वाटायला लागलं, आता काय तोंडानं जायचं? मग तेही वाटेनासं झालं. फक्त दर वर्षी चिठ्ठ्या करताना स्पेक्टची चिठ्ठी मी डब्यात टाकत नाही, एवढंच शिल्लक राहिलं.

या वर्षी चिठ्ठ्या वाटून झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी एका मुलीला सांगायला उभं केलं. ऋतुजा नावाची, निलंग्याकडची, शेवटच्या बाकावर बसणारी. तिला पोर्ट निघालं होतं. वही न उघडता ती उभी राहिली आणि सुरू झाली. पोर्टर, इम्पोर्ट, एक्सपोर्ट, पोर्टेबल. अगदी माझ्या क्रमानं. ट्रान्सपोर्ट शेवटी. आणि बोटांवर मोजत होती, ओंदु, एरडु, मूरु.

"पोर्टरचं वाक्य सांग," मी म्हटलं.

"लोह्याचा पोर्टर माझ्या आजीला उचलतो," ती म्हणाली आणि वर्ग हसला. ती ओशाळली. "मम्मीनं शिकवलंय, मॅडम. तिला एवढंच इंग्लिश येतं. पन लई पक्कं येतं."

मी खुर्चीत बसले. त्या तासाला पुढं काय शिकवलं ते आठवत नाही.

ऋतुजाबरोबर निरोप पाठवला आणि रविवारी पद्मिन आली. लेकीसोबत, हातात पिशवी, केसांची कड पांढरी. दारातच मला खालवर बघून घेतलं. "विजे, लई जाड झालीस गं," म्हणाली, आणि मग आम्ही दोघी रडलो. ऋतुजा बिचारी चपला काढून तशीच उभी होती. पिशवीत सीताफळं होती. "कच्ची हायेत. तीन दिवस पेटीत ठिव." मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि ओट्यावर ठेवली.

बोलता बोलता बरंच कळलं. धाकट्या भावांना तिनं मोठं केलं, मग लग्न, चार एकर, सोयाबीन, आता गावच्या अंगणवाडीत मदतनीस. भूकंपानंतर राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडमधल्या त्या पहिल्या हिवाळ्यात तिच्यापाशी माझी पोर्टची पानं तेवढी होती, उशाच्या पिशवीत राहिलेली. पुस्तकं दुसऱ्या सामानात मिसळून कुठं गेली कळलं नाही. "भाकरी थापताना तेच म्हनायचे," ती म्हणाली. "दुसरं हुतंच काय?"

मी आत जाऊन कपाटातून वही आणली. प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती उलटसुलट करून बघितली.

"इतकी वर्सं ठिवलीस?"

"उघडली नाही कधी. तुझं घर होतं ते." मग मी तिला सगळं सांगितलं, सरांना काय म्हटलं, बाकावरचा नंबर, कोरी ओळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते आणि आता ती हात धरील असं मला वाटत होतं.

पद्मिन माझ्याकडं बघत राहिली. "येडी," म्हणाली, आणि वहीवरून हात फिरवत बसली. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "चुलत्यानं सांगितलं, वही विजीपाशी हाय. मी रोज फाट्यावर जायचे. लातूरहून परत येनारी गाडी बघायचे. म्हनलं, विजी कंडक्टरपाशी टाकून दील."

मला पटकन काही कळलं नाही. मग कळलं. साडेनवाची गाडी. मी तिच्या येण्याकडं बघत स्टँडवर उभी असायचे, वही खोलीवर पिशवीत. गाडी रिकामी व्हायची, वळायची आणि तिच्या फाट्याकडं परत जायची. रोज. कंडक्टर ओळखीचा होता. नुसतं फाट्याचं नाव सांगायचं होतं.

"पद्मे, माझ्या डोक्यातच आलं नाही," मी म्हटलं. "एकदाही आलं नाही. चुकलं माझं."

"नुसत्या वहीनं काय झालं असतं?" ती म्हणाली. "मी काय कलेक्टर होनार हुते? काय बी झालं नसतं. पर आली असती तर बरं वाटलं असतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

ओट्यावरच्या सीताफळांना अजून वास नव्हता. ऋतुजा आमच्या दोघींकडं बघत होती. पद्मिननं वहीची पानं नखानं हळूहळू सोडवली, एक फाटलं, बाकीची सुटली. डागांतून तिचं ते गोल अक्षर दिसायला लागलं. तिनं वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"दिसंना झालंय मला. तुजा चष्मा दे."

मी काढून दिला. तिनं तो नाकावर बसवला, वहीत बघितलं, एकदा खाकरली आणि पदर सारखा करून उभी राहिली.

"मम्मी, बस की," ऋतुजा म्हणाली. "बसून वाच."

"बसून सांगायचं नसतंय," पद्मिन म्हणाली, आणि माझ्याकडं बघत थांबली.

मी कागद-पेन घेतलं आणि लिहून घ्यायला खाली बसले.